जुने सर "ये ना आमच्याकडे" म्हणून मागे लागलेत? नाही कसं म्हणायचं

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली की हे सुरू होतं. तुमचे आधीचे मॅनेजर कंपनी बदलतात किंवा स्वतःचंच काहीतरी सुरू करतात आणि एक दिवस फोन येतो, "काय रे, कसं चाललंय, ये ना आमच्याकडे." पहिल्यांदा छान वाटतं, वाटणारच, कोणीतरी आपल्या कामाची दखल घेतली. दुसऱ्यांदा थोडं अवघडल्यासारखं होतं. चौथ्यांदा स्क्रीनवर नाव दिसलं की फोन उलटा करून ठेवावासा वाटतो, आणि त्यात माणूस वाईट नसतो हीच पंचाईत, त्यानेच आपल्याला काम शिकवलेलं असतं, आणि पुण्यासारख्या ठिकाणी तर उद्या कुठे ना कुठे गाठ पडणारच, हिंजवडी, खराडी, चाकण, भोसरी एवढ्यातच सगळे फिरत असतात, आज इथले सर उद्या तुमच्या क्लायंटकडे बसलेले दिसतील.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी लिहितोय. म्हणजे ज्यांना नोकरी बदलायचीच नाहीये, किंवा बदलायची आहे पण या माणसाकडे जायचं नाहीये असे लोक. माझं स्पष्ट मत आहे की समोरचा चिकट आहे म्हणून ऑफर परत परत येते असं फार कमी वेळा असतं. बहुतेक वेळा आपण नाही म्हटलेलंच नसतं. आपण म्हणालेलो असतो "बघतो सर", "विचार करून कळवतो", "थोडा वेळ द्या". आपल्या डोक्यात ते नाही असतं, त्यांच्या वहीत ते "दिवाळीनंतर फोन करणे" असतं. मग ते दिवाळीनंतर फोन करतात आणि आपण वैतागतो.

सगळ्यात आधी: तुमचं नाही कुठल्या प्रकारचं आहे ते ठरवा

फोन उचलायच्या आधीच हे ठरलेलं पाहिजे, नाहीतर बोलता बोलता वाहवत जायला होतं. नाही तीन प्रकारचं असतं. एक, आत्ता नको पण पुढे चालेल. दोन, तुमच्याकडे यायला आवडेल पण हे काम नको, म्हणजे तुम्ही डेव्हलपमेंटमध्ये आहात आणि ते सपोर्टला बोलावतायत असं काहीतरी. तीन, तुमच्या हाताखाली परत काम करायचंच नाहीये. हे तिसरं तोंडावर सांगता येत नाही हे मान्य, पण निदान स्वतःशी तरी कबूल करा, कारण जो माणूस तिसऱ्या प्रकारचं नाही पहिल्या प्रकारच्या शब्दांत सांगतो त्याला दर सहा महिन्यांनी फोन येत राहतो. "आत्ता नको सर" यातलं "आत्ता" फक्त तेव्हाच वापरा जेव्हा ते खरं असेल.

समोर कोण आहे ते बघा

कन्सल्टन्सीवाले असतील तर फार विचार करायची गरज नाही, त्यांचा तो धंदा आहे, त्यांना वाईट वाटत नाही. "मी सध्या जॉब बदलत नाहीये, माझा नंबर लिस्टमधून काढा" एवढं पुरतं. नोकरीच्या साईटवरची प्रोफाईल लपवायची सेटिंग असते ती वापरा, लिंक्डइनवर "ओपन टू वर्क" चुकून चालू राहिलेलं असेल तर बंद करा, अर्धे फोन तिथेच थांबतील. आणि कोणी नोकरी देण्यासाठी रजिस्ट्रेशनचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागत असेल तर ती ऑफरच नाही, तिथे नम्रपणाही नको, सरळ ब्लॉक.

जुने बॉस हा खरा अवघड प्रकार, त्यावर पुढे सगळा लेख आहेच.

क्लायंट असेल तर तुमचं काम सोपं आहे, फक्त ते लोकांना माहीत नसतं. सर्व्हिस कंपनी आणि क्लायंट यांच्या करारात एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत असं कलम बऱ्याचदा असतं. तुमच्या स्वतःच्या अपॉइंटमेंट लेटरमध्येही काही लिहिलेलं असू शकतं, ते एकदा काढून वाचा. (नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही अशी अट भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही, हे खरं आहे, पण दोन कंपन्यांमधलं कलम हा वेगळा विषय आणि ते भांडण आपल्या डोक्यावर कशाला घ्या.) क्लायंटला म्हणायचं, "मला छान वाटलं तुम्ही विचारलंत, पण दोन्ही कंपन्यांच्या करारामुळे मला हा विषय बोलता येणार नाही." अर्थात तसं कलम खरंच आहे का ते आधी बघून घ्या, खोटं बोलून पकडलं जाण्यासारखी लाज दुसरी नाही. क्लायंटसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नाही, त्यालाही त्याच्या लीगलवाल्यांची भीती असतेच.

व्हेंडर असेल तर जरा जपून. माझी एक मैत्रीण चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, बाहेरून येणारा माल तपासायचं काम. एका व्हेंडरचे ब्रॅकेट आले, भोकांच्या कडेला बर होती (कापताना राहिलेली धातूची खरखरीत धार), तिने लॉटला होल्डचा टॅग लावला. संध्याकाळी व्हेंडरचे मालक स्वतः गेटपाशी हजर, चहा झाला आणि मग, "मॅडम, तुमच्यासारखी माणसं आम्हाला पाहिजेत, आमच्याकडे क्वालिटी हेड म्हणून या, गाडीचं पण बघू." लॉट अजून होल्डवरच होता. ऑफर कदाचित मनापासून असेलही, पण ती ज्या दिवशी आली त्या दिवशी ती ऑफर राहत नाही. तिने तिथल्या तिथे सांगितलं, "साहेब, मी तुमचा माल तपासते, त्यामुळे हा विषय आपल्यात नकोच," आणि त्याच दिवशी आपल्या मॅनेजरला मेल टाकला, चार ओळी, तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून. व्हेंडरच्या बाबतीत हा मेल टाकायचाच. पुढे कधी त्याचा माल पास केलात तर कोणी बोट दाखवायला नको आणि रिजेक्ट केलात तर "मॅडमनी नोकरी मागितली होती, दिली नाही म्हणून राग काढतायत" असंही व्हायला नको. होतं असं.

पहिला फोन

ऐकून घ्या. मधेच तोडू नका, त्यांनी विचार करून फोन केलेला असतो. पण दोन गोष्टी करायच्या नाहीत. जेडी (जागेच्या कामाचा तपशील) मागायचा नाही, आणि पगाराचा आकडा सांगायचा नाही. "सहज विचारतोय, सध्या सीटीसी किती आहे रे तुझं?" हा प्रश्न कधीच सहज नसतो. तुम्ही आकडा सांगितला की नाही म्हणणं संपलं आणि घासाघीस सुरू झाली. मग ते म्हणणार, "एवढंच ना, त्यावर तीस टक्के देतो", आणि आता तुम्ही पैशासाठी नाही म्हणत होता असं त्यांना वाटतं, म्हणजे पुढच्या वेळी ते पस्तीस घेऊन येतील.

उत्तर असं काहीतरी: "सर, आकड्यावर जायलाच नको, कारण मला सध्याचं काम सोडायचं नाहीये. तुम्ही माझा विचार केलात हे खरंच मोठं आहे माझ्यासाठी, पण मी येणार नाही." शेवटचे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे आणि नेमके तेच आपल्या तोंडून निघत नाहीत. आरशासमोर म्हणून बघा वाटलं तर, हसू नका.

आणि हे फोनवरच बोला. आधीच्या बॉसला पहिलं नाही व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवणं बरं दिसत नाही.

कारण कुठलं द्यायचं (हा भाग नीट वाचा)

सगळे इथेच फसतात. आपल्याला वाटतं ठोस, व्यवहारी कारण दिलं की समोरच्याला पटेल. पण व्यवहारी कारणाला व्यवहारी तोडगा असतो, आणि बॉस मंडळींची आख्खी करिअर तोडगे काढण्यात गेलेली असते.

तुम्ही म्हणालात नोटिस पिरियड 90 दिवसांचा आहे. ते म्हणतील बायआउट करू, उरलेल्या दिवसांचे पैसे आम्ही भरतो. तुम्ही म्हणालात खराडीला राहतो, हिंजवडी फेज थ्रीपर्यंत रोज कोण येणार. ते म्हणतील आठवड्यातून दोनच दिवस ये, बाकी घरून कर. तुम्ही म्हणालात एप्रिलचं अप्रेझल होऊ दे. बरं, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन वाजला म्हणून समजा. प्रोजेक्ट संपू दे म्हणालात तर प्रोजेक्ट कधी संपतो हे त्यांना तुमच्या आधी कळेल, तुमच्या टीममधले अर्धे लोक त्यांनीच घेतलेले असतात.

ग्रॅच्युइटीचं (सहसा पाच वर्षं झाल्यावर नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) कारण तर मी कितीतरी जणांना देताना पाहिलंय, "सर पाच वर्षं पूर्ण व्हायला सात महिने राहिलेत, ग्रॅच्युइटी जाईल." आता हिशोब करून बघा. शेवटचा महिन्याचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. बेसिक 40,000 असेल तर पाच वर्षांचे साधारण 1,15,000 रुपये होतात. रक्कम छोटी नाही, पण ज्याला तुम्ही हवेच आहात त्याच्यासाठी हा जॉइनिंग बोनसचा विषय आहे, एका मेलमध्ये मिटतो. (जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत मागतात बऱ्याच ठिकाणी, ते वेगळंच.) आणि मुख्य म्हणजे तुम्ही त्यांना तारीखच देऊन बसलात. सात महिन्यांनी फोन येणार आणि तेव्हा तुमच्याकडे कारण नसणार.

घरच्यांचं कारण त्याहून वाईट. "बाबा नको म्हणतायत" म्हटलं की काही सर बाबांशी बोलायला तयार असतात, खरंच. शिवाय तिशीच्या माणसाने बाबांच्या आड लपणं दिसतंही तसंच.

मग कारण द्यायचं कुठलं? ज्याला तोडगा नाही असं, आणि तुमच्याबद्दलचं, त्यांच्या कंपनीबद्दलचं नाही. "मला इथे जे शिकायला मिळतंय ते अजून पूर्ण झालेलं नाही." "मला मोठ्या सिस्टीमवरच काम करायचंय." "मला आत्ता आयुष्यात स्थिर काहीतरी हवंय, नवीन कंपनी उभी करायची धावपळ मला झेपणार नाही." यातलं जे खरं असेल ते एकच घ्या. एकच. दोन कारणं दिली की ते कमकुवत कारण उचलतात आणि त्याच्याशी भांडतात. आणि त्यांच्या कंपनीची उणीदुणी चुकूनही काढू नका, फंडिंगचं काय, लोक सोडून का जातायत वगैरे, कारण मग ते तासभर कंपनीची बाजू मांडतील आणि शेवटी तुम्हालाच माफी मागावी लागेल.

फोननंतर दोन ओळी पाठवा

त्याच दिवशी, रात्री फार उशिरा नको. पर्सनल नंबरवरून, ऑफिसच्या मेलवरून किंवा टीम्सवरून तर मुळीच नाही, ते कंपनीचं आहे आणि कोण बघेल सांगता येत नाही.

"सर, आज फोन केलात, खूप बरं वाटलं. बोलल्याप्रमाणे मी नोकरी बदलणार नाहीये, त्यामुळे या जागेसाठी माझी वाट बघू नका. बाकी भेटूच, वहिनींना नमस्कार."

"वाट बघू नका" हे टाकायचंच, त्यांना त्याचा खरंच उपयोग असतो, त्यांनाही पोझिशन भरायची असते, वरून कोणीतरी विचारत असतं. लांबलचक आभारप्रदर्शन नको. जेवढं लांब लिहाल तेवढी त्यात फट सापडते.

दुसऱ्यांदा विचारलं तर

तेच कारण, शक्यतो तेच शब्द. आपल्याला वाटतं तेच तेच काय सांगायचं, काहीतरी नवीन सांगू, आणि तिथेच घोळ होतो, कारण नवीन कारण ऐकलं की समोरच्याला वाटतं जुनं कारण संपलं. तुमचं उत्तर कंटाळवाणं असलं पाहिजे.

"काय मग, काय ठरलं?"
"सर ते मागेच सांगितलं ना, मी इथेच आहे."
"अरे पण आता डायरेक्ट लीडची जागा आहे."
"छानच आहे सर, पण मी इथेच आहे. आर्याची दहावी कशी गेली?"

विषय बदलणं यात काही गैर नाही, फक्त आधी उत्तर द्यायचं आणि मग बदलायचा. उत्तर न देता बदललात तर तो प्रश्न तसाच लटकत राहतो.

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा

आता विषय बंद करायची वेळ. इथे बरेच जण फोन उचलणं बंद करतात, ते नका करू, ज्या माणसाचा फोन तुम्ही टाळताय तोच उद्या रेफरन्स चेकला, म्हणजे नवीन कंपनी चौकशी करेल तेव्हा, तुमच्याबद्दल बोलणार आहे. उलट तुम्हीच फोन करा, संध्याकाळी, ते मोकळे असतील तेव्हा.

"सर, एक बोलायचं होतं. तुम्ही प्रत्येक वेळी प्रेमाने विचारता आणि मला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागतं, मला ते फार अवघड जातं. आपण नोकरीचा विषय थांबवू या का? कधी बदलायचं झालं तर मीच तुम्हाला फोन करेन."

शेवटचं वाक्य फक्त खरं असेल तरच. नसेल तर "थांबवू या का" वर संपवा आणि गप्प बसा. ती शांतता भरून काढायला जाऊ नका, त्यांना बोलू द्या. नव्वद टक्के सर इथे "अरे हो हो, तसं काही नाही" म्हणतात आणि विषय खरंच संपतो (नव्वद हा आपला अंदाज, मोजायला कोणी बसलं नाहीये).

चारचौघांत विचारलं तर

लग्नात, रीयुनियनला, कोणाच्या घरी गणपतीला. हातात मोदकाची प्लेट आणि सर पाच जणांसमोर खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "हा माझा माणूस, याला मी घेऊन जाणार आहे." तिथे गंभीर चेहऱ्याने खुलासा करत बसू नका, आणि हसून "हो हो सर" पण म्हणू नका, त्या पाचात एखादा तुमच्याच कंपनीचा असतो आणि सोमवारी तुमच्या मॅनेजरला कळलेलं असतं की तुम्ही चाललात. हसतच, पण ऐकू जाईल असं, "सरांचं प्रेम आहे, पण मी कुठे जात नाहीये हं." आणि नंतर बाजूला घेऊन सांगा की सर, असं सगळ्यांसमोर नको, माझ्या ऑफिसात गैरसमज होतो. यात कोणालाही राग यायचं कारण नाही.

मधला माणूस पाठवला, म्हणजे जुन्या टीममधला मित्र "सर विचारत होते रे" म्हणून आला, तर त्याच्याकडे निरोप द्यायचा नाही. "मी सरांशी बोललोय" एवढंच. निरोप पोचेपर्यंत त्याचं काय होईल सांगता येत नाही.

उपकाराचं ओझं असेल तर

पहिली नोकरी त्यांनीच दिली, आईच्या आजारपणात सुट्टी मंजूर केली, वगैरे. हे असतं आणि ते मनात खूप टोचतं. पण उपकार फेडायचे तर नोकरी हीच एक रीत नाही. त्यांना माणूस हवाय, चांगला माणूस शोधून द्या, आधी त्या माणसाला विचारून, त्याचा नंबर परस्पर देऊ नका. त्यांच्या उमेदवारांपैकी कोणी तुमच्या माहितीतला असेल तर खरं मत सांगा. फक्त सध्याच्या तुमच्या कंपनीतली माणसं त्यांना पुरवायला लागू नका, ते तुमच्या लेटरमध्ये मना असू शकतं आणि नसलं तरी कळायचं ते कळतंच.

इथेच एक नवीन फाटा फुटतो: "बरं नोकरी नको, शनिवार-रविवार थोडं करून दे, पैसे वेगळे देतो." नोकरीला इतक्यांदा नाही म्हटलेलं असतं की याला हो म्हणावंसं वाटतं. नका म्हणू. 2022 मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांचं काम करताना सापडलेल्या 300 जणांना काढलं होतं, कंपनीचे चेअरमन रिशद प्रेमजींनी स्वतः ते जाहीर सांगितलं होतं. दोन ठिकाणचा पीएफ एकाच यूएएनमध्ये (पीएफच्या कायमच्या नंबरात) दिसतो, पैसे फी म्हणून दिले आणि टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवरच्या टॅक्सच्या नोंदीत येतो. रविवारी दहा मिनिटं फोनवर सल्ला देणं वेगळं आणि पैसे घेऊन काम करणं वेगळं.

हे मात्र करू नका

त्यांच्या ऑफरचा स्क्रीनशॉट स्वतःच्या मॅनेजरला दाखवून पगार वाढवून घेऊ नका. वाढेलही कदाचित, पण सरांना कळलं की तुम्ही त्यांना वापरलंत, आणि मॅनेजरलाही कळलं की तुम्ही बाहेर बघताय, म्हणजे दोन्हीकडून गेलात.

"बघू तर किती देतात" म्हणून इंटरव्ह्यू देऊ नका. अनोळखी कंपनीत दिलात तर चालून जातं, ओळखीच्या माणसाकडे नाही. त्यांनी त्यांच्या वरच्यांना तुमच्याबद्दल शब्द टाकलेला असतो, एचआरला मागे लागून बजेट घेतलेलं असतं, आणि ऑफर लेटर स्वीकारून जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवला तर त्या माणसाची आपल्या ऑफिसात काय अवस्था होते त्याचा जरा विचार करा. ऑफर लेटरपर्यंत गोष्ट गेलीच असेल आणि नाही म्हणायचं असेल तर आजच म्हणा, फोनवर म्हणा, आणि मग एचआरला मेल.

आणि पुढे खरंच जावंसं वाटलं तर

वाटू शकतं. कंपनी विकली जाते, चांगला मॅनेजर जातो, दोन वर्षांनी सगळं बदलतं. मग आडून आडून "सर कसं काय, बरेच दिवसांत बोलणं नाही" असं नको. सरळ सांगा, "सर, तेव्हा नाही म्हणालो होतो, आता मी बदलायचा विचार करतोय, तुमच्याकडे काही असेल तर सांगा." तेव्हाची जागा आणि तेव्हाचा आकडा मिळेल असं धरून जाऊ नका, ती जागा भरलेली असेल आणि तिथे बसलेला माणूस कदाचित तुम्हीच सुचवलेला असेल. ते नाही म्हणाले तर मात्र दुसऱ्यांदा विचारू नका.